जीभ दाखवणाऱ्या आजोबांच्या पोटात काय होतं?

आपल्या हॉस्टेलच्या दर दुसऱ्या खोलीत एक पोस्टर असतं. विस्कटलेले पांढरे केस, जाड मिशा आणि कॅमेऱ्याकडे बघून बाहेर काढलेली जीभ. अल्बर्ट आईन्स्टाईन! हा फोटो 14 मार्च 1951 चा, म्हणजे त्यांच्या 72 व्या वाढदिवसाचा. माझ्याही खोलीत तो आहे. पण फोटो काढला त्या दिवशी या माणसाच्या पोटात सेलोफेनचा कागद बसवलेला होता, हे मला सेकंड इयरपर्यंत ठाऊक नव्हतं. हो, तोच सेलोफेन, जो मिठाईच्या खोक्यावर गुंडाळलेला असतो!

विज्ञान दिनाच्या भाषणासाठी मी लायब्ररीतून आईन्स्टाईनचं चरित्र आणलं. सापेक्षतावादावर चार वाक्यं मिळाली की काम झालं, असा साधा हिशेब होता. पण चाळता चाळता शेवटच्या प्रकरणावर अडकलो. कारण त्यांना जो आजार होता, तोच माझ्या आजोबांना होता. आजोबा शिरोड्याचे, मिठागरात उमेद गेलेले. त्यांच्या पोटावर छातीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत एक लांब व्रण होता आणि लहानपणी मी त्यावर बोट फिरवून आगगाडी चालवायचो. त्यांची गोष्ट शेवटी सांगतो. आधी मोठ्या माणसाची.

आईन्स्टाईन म्हटलं की आपल्याला फळा आणि समीकरणं आठवतात. पण हा माणूस वाढला तो पक्का आपल्या जातीच्या घरात, म्हणजे इंजिनिअरांच्या! जन्म 14 मार्च 1879, जर्मनीतलं उल्म गाव. वडील हेर्मान आणि इंजिनिअर असलेले काका याकोब यांनी म्युनिकमध्ये डायनॅमो आणि विजेच्या उपकरणांचा कारखाना काढला होता. पोराचं बालपण तारा, कॉइल आणि मीटर यांच्यात गेलं. पुढे धंदा बुडाला, तो भाग वेगळा. 1895 मध्ये त्यांनी झ्युरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली आणि नापास झाले. गणित-भौतिकात उत्तम, बाकी विषयांत दांडी. (केटीवाल्यांनी खूश होऊ नये, ते तेव्हा 16 वर्षांचे होते आणि वयाची अट 18 होती!) पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, 1900 मध्ये पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. अखेर 1902 मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत चिकटले. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं तपासायची आणि उरलेल्या वेळात विश्वाचा विचार करायचा. 1905 या एका वर्षात त्यांनी जे निबंध लिहिले, त्यांनी भौतिकशास्त्राची मांडणीच बदलली. 1921 सालचं नोबेल पारितोषिक मिळालं ते मात्र सापेक्षतावादासाठी नव्हे, तर प्रकाश-विद्युत परिणामाच्या उलगड्यासाठी. आपल्या सोलर सेलचं मूळ त्यातच आहे.

आणि यंत्राचं वेड सुटलं नव्हतंच. लिओ झिलार्ड यांच्याबरोबर त्यांनी फिरणारा एकही भाग नसलेल्या फ्रिजची पेटंटं घेतली. मोठा मुलगा हान्स आल्बर्ट तर सिव्हिल इंजिनिअर झाला. बाप आधी नाराज होता म्हणे! पण हा मुलगा पुढे नदीच्या पाण्याबरोबर वाळू कशी वाहते या विषयातला नावाजलेला माणूस झाला आणि कॅलिफोर्नियात बर्कलीला प्राध्यापक झाला. आमच्या सिव्हिलच्या मित्रांना हायड्रॉलिक्समध्ये जो आईन्स्टाईन भेटतो, तो हा.

1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असलेल्या आईन्स्टाईनना जर्मनी कायमची सोडावी लागली. अमेरिकेत प्रिन्स्टन या गावी ते स्थिरावले. त्यांच्या तिथल्या घरात गांधीजींचं चित्र होतं. हे वाचलं तेव्हा मला उगाच आपलं वाटलं, कारण ज्या मिठाच्या कायद्याविरुद्ध गांधीजी उठले, त्यासाठी 1930 च्या मे महिन्यात आमच्या शिरोड्यातही सत्याग्रह झाला होता. आजोबांच्या मिठागराच्या वाटेवर लहानपणी ती हकिकत मी कितीदा तरी ऐकली आहे.

असो. आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे पोटाकडे.

आईन्स्टाईनचं पोट तरुणपणापासून कुरकुरतं होतं. 1917 मध्ये पोटाच्या विकारानं ते इतके खंगले की दोन महिन्यांत वजन 25 किलोच्या आसपास उतरलं. बरं व्हायला वर्षं गेली. त्यामुळे पुढे कधीही पोटात दुखलं की जुनंच दुखणं, असं स्वतः त्यांना आणि डॉक्टरांनाही वाटणं साहजिक होतं. शिवाय पाईप! डॉक्टरांनी तंबाखू बंद करा म्हणून बजावलं तरी पाईप काही सुटला नाही. आज आपल्याला माहीत आहे की ज्या आजारानं ते गेले, त्याचं सर्वांत मोठं टाळता येण्यासारखं कारण तंबाखू हेच आहे. आजोबांचा पाईप नव्हता, विडी होती. धूर तोच.

तो आजार म्हणजे महाधमनीचा फुगा. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी पाठीच्या कण्याला लागून पोटात उतरते. तिथं तिचा व्यास साधारण 2 सेंटिमीटर असतो. भिंत कमकुवत झाली की ती एका जागी फुगायला लागते. 3 सेंटिमीटरच्या वर गेली की फुगा म्हणायचं. पुरुषांत तो 5.5 सेंटिमीटरपर्यंत पोचला की डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात.

आता स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची वही उघडा. पातळ भिंतीच्या सिलिंडरमधला हूप स्ट्रेस म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. रक्तदाब 120 धरला तर तो सुमारे 16 किलोपास्कल. व्यास 2 सेंटिमीटर, भिंत 2 मिलिमीटर, तर स्ट्रेस येतो 80 किलोपास्कल. फुगून व्यास 6 सेंटिमीटर झाला आणि भिंत ताणून 1 मिलिमीटर उरली, की तोच स्ट्रेस 480 किलोपास्कल! दाब तेवढाच, ताण सहापट. म्हणजे फुगा जितका मोठा, तितका तो आणखी मोठा व्हायला उत्सुक. खरी धमनी काही इतकी सरळ सिलिंडर नसते, पण परीक्षेत पाच मार्कांसाठी पाठ केलेलं हे सूत्र माणसाच्या पोटात चालू असतं, हे त्या रात्री प्रथम कळलं.

1948 च्या अखेरीस आईन्स्टाईनच्या पोटदुखीनं आणि उलट्यांनी जोर धरला. ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांना तपासलं. निसेनही बर्लिन सोडावी लागलेले, इस्तंबूलमार्गे अमेरिकेत आलेले नामांकित सर्जन. पोटावर हात ठेवला तर आत एक गोळा नाडीसारखा उडत होता. डिसेंबरमध्ये पोट उघडलं. आत महाधमनीचा फुगा सापडला, मोठ्या मोसंबीएवढा!

पण करायचं काय? धमनीचा खराब भाग कापून तिथं नवी नळी जोडणं तेव्हा कुणाला साधलेलं नव्हतं. निसेननी त्या काळचा उपाय केला. फुग्याच्या समोरच्या बाजूवर सेलोफेनचं आवरण घातलं. कल्पना अशी की परका पदार्थ शरीराला टोचतो, त्याच्याभोवती चिवट व्रणाचा थर धरतो आणि तो थर भिंतीला आधार देतो. गळक्या पाइपाला आपण टेप गुंडाळतो ना, तसंच काहीसं. फक्त इथं टेपचं काम शरीरानंच करायचं. मागची बाजू कण्याला चिकटलेली, ती तशीच राहिली. जानेवारी 1949 मध्ये आईन्स्टाईन घरी गेले.

माझ्या मते या चरित्राचा सर्वांत धीराचा भाग यापुढे सुरू होतो. पोटात काय आहे हे त्यांना नीट सांगितलं गेलं होतं. ते केव्हाही फुटू शकतं हेही. अशा माणसानं काय करावं? त्यांनी मार्च 1950 मध्ये मृत्युपत्र केलं आणि कामाला लागले. सगळ्या बलांना एका सूत्रात बांधायचं, ते काही जमलं नाही, पण वही बंद केली नाही. धाकट्या बहिणीचं, मायाचं, आजारपण काढलं; ती 1951 मध्ये गेली. अणुबाँबविरुद्ध बोलत राहिले. त्याच वर्षी वाढदिवसाला जीभही दाखवली! सेलोफेनच्या भरवशावर त्यांना सहा वर्षांहून थोडा जास्तच काळ मिळाला.

तेवढ्यात वैद्यकशास्त्र पुढे धावत होतं. 1951 मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी फुगा काढून तिथं मृत माणसाची धमनी बसवली आणि रोगी जगला. मग कापडाच्या नळ्या आल्या. अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉनची नळी घरच्या शिवणयंत्रावर स्वतः शिवली. टेक्सटाइलवाल्यांनो, हा तुमचा विजय!

11 एप्रिल 1955 ला आईन्स्टाईननी बर्ट्रांड रसेल यांच्या अण्वस्त्रविरोधी जाहीरनाम्यावर सही केली. 13 तारखेला दुपारी ते घरातच कोसळले. फुगा झिरपायला लागला होता. डॉक्टर जमले. न्यूयॉर्कहून सर्जन फ्रँक ग्लेन आले आणि त्यांनी ऑपरेशन सुचवलं. फुटलेला फुगा, 76 वर्षांचं वय आणि 1955 साल. जुगारच होता, पण एक वाट होती. आईन्स्टाईननी शांतपणे नकार दिला. आयुष्य कृत्रिमपणे लांबवण्यात त्यांना गोडी नव्हती, आपला वाटा झाला असं त्यांचं म्हणणं. 15 तारखेला प्रिन्स्टनच्या हॉस्पिटलात नेलं. हान्स आल्बर्ट विमानानं आला. जरा बरं वाटताच त्यांनी चष्मा आणि गणिताचे कागद मागवून घेतले. 18 एप्रिलला मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता ते गेले. अखेरचे शब्द जर्मनमध्ये होते आणि उशाशी असलेल्या नर्सला जर्मन येत नव्हतं.

यात एक गोष्ट इंजिनिअरनं लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेवटच्या त्या दुखण्यात पित्ताशयाला सूज आली असावी, असाही संशय घेतला गेला होता. शवविच्छेदनात दिसलं की फुगाच फुटला होता. फुटलेल्या फुग्यानं पित्ताशयाच्या दुखण्याचं सोंग घ्यावं, याला वैद्यकात आजही आईन्स्टाईनचं चिन्ह म्हणतात. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पोटात काय आहे हे सहा वर्षं माहीत असूनही चकवा झाला! मग साध्या माणसाचं काय?

आता तर उपाय कितीतरी सुधारलेत. पोट उघडून डेक्रॉनची नळी बसवतात. किंवा 1990 मध्ये अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी सुरू केलेल्या पद्धतीनं जांघेतल्या धमनीतून घडी केलेली स्टेंटची नळी आत सरकवतात आणि फुग्याच्या जागी उघडतात. पण दुरुस्ती झाली म्हणजे गोष्ट संपली असं नाही. आजोबांनंतर मी याबद्दल मिळेल ते वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. थोडक्यात सांगतो.

पहिले काही दिवस धोका आतड्याला. मोठ्या आतड्याच्या डाव्या, खालच्या भागाला रक्त देणारी एक वाहिनी फुग्यातूनच निघते आणि दुरुस्तीत ती बहुधा बंद होते. दुसरीकडून रक्त पोचलं तर ठीक, नाहीतर आतडं उपाशी पडतं. ऑपरेशननंतर लवकरच पातळ शौच, त्यात रक्त, डावीकडे दुखणं, पोट फुगणं, ताप. रक्तात लॅक्टेट चढतं. अशा वेळी दुर्बीण घालून आतडं बघतात. सौम्य असेल तर तोंडानं खाणं बंद, सलाइन, अँटिबायोटिक. आतडं सडलंच असेल तर तो भाग तातडीनं कापावा लागतो.

दुसरा प्रकार विशेषतः फुटलेल्या फुग्याच्या ऑपरेशननंतरचा. आत सूज आणि रक्त इतकं साठतं की पोट म्हणजे प्रेशर कुकर होतो. मूत्राशयातल्या नळीतून हा दाब मोजता येतो. तो 20 च्या वर राहिला आणि लघवी कमी होऊ लागली, श्वास जड झाला, तर पोट पुन्हा उघडून दाब मोकळा करावा लागतो. कुकरची शिट्टी उचलावी तसं!

स्टेंटवाल्यांना वेगळी काळजी. नळीच्या कडेनं रक्त पुन्हा फुग्यात शिरू शकतं. बाहेरून काही कळत नाही, म्हणून स्कॅन किंवा सोनोग्राफी ठरल्या वेळी, आयुष्यभर.

आणि शेवटचा प्रकार क्वचित होणारा, पण सर्वांत फसवा. महिन्यांनी, कधी वर्षांनी, कृत्रिम नळी शेजारच्या लहान आतड्याला घासते, जंतुसंसर्ग होतो आणि धमनी व आतडं यांच्यात भोक पडतं. पहिल्यांदा बहुतेक वेळा थोडंसंच रक्त जातं. डांबरासारखी काळी शौच, किंवा थोडी रक्ताची उलटी. मग गुठळी बसते आणि रक्त थांबतं. काही तास, काही दिवस, कधी त्याहून जास्त. ती सुधारणा नसते, ती सूचना असते. पुढचा रक्तस्राव मोठा असतो. म्हणून नियम असा की पोटात कृत्रिम नळी असलेल्या माणसाला शौचातून किंवा उलटीतून रक्त गेलं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत नळीच दोषी धरायची आणि धमनीचं ऑपरेशन होऊ शकेल अशा हॉस्पिटलात लगेच न्यायचं. सीटी अँजिओग्राफी, दुर्बीण, मग गरज पडल्यास तात्पुरता स्टेंट टाकून रक्त थांबवणं, दूषित नळी काढणं, आतडं शिवणं, पायांना रक्ताची नवी वाट करून देणं. एवढं करूनही सगळे वाचत नाहीत. पण वेळ हातात असतो तो पहिल्या आणि दुसऱ्या रक्तस्रावाच्या मधलाच.

आता आजोबा.

ऑपरेशनला चार वर्षं झाली होती. आजोबा ठणठणीत. विडी सुटली होती, समुद्रावर चालून यायचे, वि. स. खांडेकर जिथं शिक्षक होते त्या शाळेबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे. श्रावणात एक दिवस त्यांना काळी शौच झाली. दुसऱ्या दिवशीही. आजीला वाटलं पित्त झालं. मऊ भात दिला, कोकमाचं सरबत दिलं, तिखट बंद केलं. तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. डॉक्टरांकडे जायचा विषय निघाला, पण पाऊस फार होता आणि आजोबाच नको म्हणाले. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पित्त होणार नाही का, असं आम्हीच आम्हाला समजावलं.

नवव्या दिवशी पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली. शेजाऱ्यांची गाडी काढली. गोव्याला न्यायचं ठरलं. आरोंद्याच्या पुलापर्यंतही आम्ही पोचलो नाही.

तेराव्यानंतर कपाटावरची फाइल मी काढली. प्लास्टिकच्या पिशवीत, दोन गाठी मारून ठेवलेली. शेवटच्या पानावर तळाशी दोन ओळी टाइप केलेल्या होत्या. पोटात जोराचं दुखलं, ताप आला किंवा शौचातून, उलटीतून रक्त गेलं तर ताबडतोब यावं. इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. त्या वर्षी मी बारावीला होतो, सीईटीसाठी रोज तीस-तीस पानं इंग्रजी वाचत होतो. चार वर्षं ती फाइल माझ्या अभ्यासाच्या टेबलाच्या बरोबर वर होती.

म्हणून आईन्स्टाईनचं ते प्रकरण मी त्या रात्री तीनदा वाचलं. ऑपरेशन नाकारलं हे योग्य की अयोग्य, यावर मित्रांत वाद घालता येईल. पण नाकारायला तरी त्यांच्यासमोर काहीतरी होतं! पोटात काय आहे, दुखलं तर त्याचा अर्थ काय, पुढे कुठल्या वाटा आहेत, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः ठरवलं. आजोबा कदाचित त्यांच्यासारखंच म्हणाले असते, पुरे झालं आता. तो स्वभावच होता त्यांचा. पण त्यांना विचारलं कुणी? पित्त म्हणून सरबत देऊन आम्ही त्यांचा निर्णय परस्पर घेऊन टाकला.

मित्रहो, आपण मशीनचं मॅन्युअल वाचल्याशिवाय लॅबमध्ये स्विच ऑन करत नाही. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढंच करा. कपाटावरची फाइल खाली काढा, शेवटचं पान वाचा आणि घरातल्या सगळ्यांना मराठीत समजावून सांगा. कधी दवाखान्यात जायची वेळ आली, तर या पोटात नळी आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

पोस्टर अजून माझ्या भिंतीवर आहे. त्या शेजारी आजोबांचा एक छोटा फोटो लावलाय. दोघेही हसतायत.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)